पाठचा

स्वयंपाकघरातलं टेबल चार दिवस जेवायला मिळालेलं नाही.
आम्ही ओट्याशी उभ्यानेच खातो, बशी हातात धरून,
कारण टेबलावर मामा आहे.

म्हणजे मामाचे कागद.
डावीकडे आईचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र;
त्यावरच्या फोटोत ती अशी, की नुकतंच कुणीतरी तिच्यावर ओरडलंय.
त्याखाली लग्नाचा दाखला, आडनाव का बदललं ते सांगायला.
उजवीकडे मूळ प्रती, त्यांच्या पोटाशी भाषांतरं,
भाषांतरांच्या पोटाशी माझं लेखी वचन
की मला दोन्ही भाषा नीट येतात.
येतात. एकीत मी भांडते, दुसरीत बिलं भरते.

बाहेर युटिकाचा रस्ता खरवडत
बर्फ उपसणारी गाडी चालली आहे.
आई हॉस्पिटलच्या लाँड्रीतून आली
दिवसभर चादरींच्या घड्या घालून,
आणि आता कागदही तशीच जुळवते,
कोपऱ्याला कोपरा, वरून तळहात एकदा दाबून.

"जन्मदाखला," मी यादीवर बोट ठेवते.
"कुणाचा?"
"तुझा आणि त्याचा. तुमची आई एकच, हे सिद्ध करायचंय."
ती हसते.
मग हसत नाही.

नगरपालिकेचं दफ्तर जळलं तेव्हा
राख टेकडीवरच्या आमच्या गावापर्यंत आली होती, म्हणते.
हामदिया चार वर्षांचा. अंगणात हात पसरून
ती झेलत होता, बर्फ समजून,
जून महिन्यात.
त्यात त्याचं नावही असेल.

तिथून आता पत्र आलंय: नोंद उपलब्ध नाही.
खाली गोल शिक्का, निळा, जरा पुसट.
नसल्याचाही दाखला लागतो, आणि तो सापडला
याचाच आम्हाला त्या संध्याकाळी केवढा आनंद!

मग साक्षीदार. जिवंत, डोकं शाबूत असलेला.
सेंट लुईसमध्ये राबिया आजी, एक्याऐंशीची, फोन कानाच्या उलट्या बाजूला धरणारी.
"जन्माच्या वेळी तुम्ही होतात?"
"होते म्हणजे! मुरंबा लागला ना तळाला!
तुझी आजी कळा देतेय आणि ओरडतेय माझ्यावर,
राबिया, आधी पातेलं ढवळ!"
"तारीख, आजी."
"तारीख कुणी बघितली? आलुबुखारचा मुरंबा होता."
म्हणजे सप्टेंबर.
मी टाइप केलं: जन्मसमयी मी स्वतः हजर होते.
मुरंबा गाळला.
नोटरीने सही बघितली, वास कुठून येणार त्याला.

फॉर्मवर नातं विचारलंय. भाऊ, एवढाच चौकोन.
पाठचा की थोरला, त्यांना पडलेली नाही.
मी फुली मारते आणि आई अचानक म्हणते,
"टेबलक्लॉथने बांधला होता मी त्याला पाठीशी.
मी अकराची. डोंगर उतरताना
त्याची हनुवटी इथे आपटायची, इथे,
आणि दर वेळी तो सॉरी म्हणायचा."
खांद्यावर बोट ठेवून ती थांबते, मी लिहून घेईन म्हणून.

याला कुठली पुरवणी जोडू, आई.

इतकी वर्षं तोच नको म्हणत होता.
आता हो म्हणाला, तर रांग पंधरा वर्षांची, कदाचित जास्त.
पन्नाशी ओलांडेल तो.
आई बोटांवर मोजते, मग मोजणं सोडून
पंचिंग मशीन पुढे ओढते. वरच्या कडेला दोन भोकं.
कागदाच्या टिकल्या टेबलभर, तिच्या बाहीवर, चहात.

शेवटी तो गठ्ठा ती दोन्ही हातांवर तोलते.
"तेव्हा जड होता," एवढंच.

पाकीट चिकटवून झाल्यावर लक्षात आलं,
शेवटच्या पानावर तिची सही राहिली.
किटली ठेवली. वाफेवर धरून
हळूहळू
पुन्हा उघडतोय.