नऊ दिवसांचं भाडं

त्याचा महिना एकतीसला संपला,
विमान दहाला.
मधल्या नऊ दिवसांचं भाडं
हिशोब करून, सुट्ट्या पैशांसकट
त्यानं माझ्या हातावर ठेवलं.
मी घेतलं.
हे आधीच सांगून टाकतो.

सागरमाळावर आमचं घर. वरची खोली
विद्यापीठातल्या पोरांना देतो,
गडहिंग्लजचा, आजऱ्याचा, एकदा बिदरचा.
हा सुदानचा. अल्तय्यब.
गल्लीनं दुसऱ्याच दिवशी त्याचा तैयबभाऊ केला.
पाच वर्षं उसाच्या मुळांवरल्या बुरशीचा अभ्यास.

कॉट गेली, शेगडी गेली, सायकल
इस्त्रीवाल्या धोंडिबाच्या पोरानं नेली.
तेव्हापासून छतातून काही ऐकू येत नाही.
पूर्वी खुर्ची सरकायची, मी वैतागायचो.
आता फक्त रात्री साडेअकराला
आईशी बोलतो तो,
आणि रिकाम्या खोलीत आवाज असा घुमतो
की वाटावं, तिकडची माणसंच आलीत राहायला.

आई कैरोत आहे, भावाच्या मेव्हण्याकडे.
वद मदनीचं घर आता कुणाच्या ताब्यात
हे विचारायचं नसतं, एवढं मला कळतं.
म्हणजे हा परदेशातून परदेशात चाललाय.
आमच्या हिला हे मी दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा ती म्हणाली,
कळलं हो, पहिल्यांदाच कळलेलं.

काल शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडं
काट्यावर बॅग ठेवली. तेवीस किलोची मर्यादा,
सव्वीस भरली.
प्रबंधाची एक प्रत निघाली, स्वेटर निघाला,
मग दुसरी प्रत.
किलोभर गुळाची ढेप तेवढी
त्यानं हातात धरून ठेवली.
अडत्या म्हणाला, ती वजनात न्हाई भावा, जा.

संध्याकाळी रंकाळ्याला जाऊन बसतो.
फोटो काढत नाही. भेळ घेत नाही.
परवा मी गाडी थांबवून विचारलं,
"पन्हाळा, जोतिबा, कुठं जायचं राहिलं का?"
पाण्याकडंच बघत म्हणाला,
"जायचं काय राहिलं न्हाई काका,
राहायचं राहिलं."
आमच्याच भाषेत. आमच्याच हेलात.
मी किक मारली.

भिंतीत त्यानं ठोकलेल्या खिळ्यांची तीन भोकं आहेत.
डिपॉझिटमधनं आठशे कापायचे, असं ठरलेलं
मार्चमध्ये, भांडणात.
कापावेत का, ते अजून ठरत नाही.
भाड्याच्या नोटा पंचांगात तशाच आहेत.
एक दिवस सरला की काढून
उगाच मोजतो, तेवढ्याच भरतात.

आज पहाटे नळाला पाणी आलं
आणि जिन्यात बादलीचा आवाज. बघतो तर
हा पायऱ्या धुतोय. वरपासून. खराट्यानं.
"अजून तीन दिवस हायत की," मी म्हटलं.
"म्हणून तर," तो म्हणाला,
आणि पुढची पायरी घेतली.

पाणी उतरत उतरत
माझ्या उंबऱ्याशी आलं, जरा थांबलं,
मग आत.
मी पाय उचलला नाही.