आभार मानू नयेत

चोरलेली फांदीच जगते, असं आमच्याकडे म्हणतात.
विकत घेतलेली जगेलच असं नाही.
आणि कुणी आपण होऊन दिली
तर आभार मानायचे नाहीत,
मानले की ती मूळ धरत नाही.

म्हणून मी चोरली.

मुर्मान्स्क. डिसेंबर. दुपारचा एक, बाहेर काळोख.
तिसऱ्या-चौथ्या मजल्यामधल्या जिन्याच्या खिडकीत
रिम्मा कोन्द्रात्येव्नाची कुंडी,
म्हणजे मेयोनेझची जुनी बादली.
तिच्या काठावरून खाली उतरणारी वेल,
पाठीवर चंदेरी पट्टे, पोटाशी जांभळी.
हिला इथं ‘बायकांच्या कुचाळक्या’ म्हणतात.
एक तुकडा कुठं पडला, की पसरलीच.

रिम्मा माझ्याशी अकरा वर्षं बोललेली नाही.
तिचं वॉशिंग मशीन, माझं छत.
डाग अजून आहे, दिव्याच्या डाव्या अंगाला.
मी तेव्हा जिन्यात म्हणालो होतो,
“या बाईकडं कायम कुठंतरी पाणी मुरत असतं.”
जिन्यात बोललेलं वर जातं.

तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिनं सांभाळली,
एक नट कधी घरी आणला नाही.
आणि म्हातारपणी परक्याच्या वेलीवर डोळा ठेवून
पायात नुसते मोजे घालून
मासे कापायची कात्री खिशात.

पेराच्या खाली कापायचं. तिरपं.
डोळा पेरात असतो, मुळं तिथूनच निघतात,
मधल्या गुळगुळीत कांड्याची
जन्मभर वाट बघा, काही नाही.
खालची पानं खुडायची, पाण्यात राहिली तर कुजतात.
पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं.
लोणच्याची बरणी, तीनदा धुतलेली, तरी शेपूचा वास.
खाली रेडिएटर भाजतो म्हणून एक फळी,
वर ट्यूबलाइट, कारण सूर्य जानेवारीपर्यंत रजेवर.

पाचव्या दिवशी चष्मा लावून बघितलं.
पेराशी पांढरं काहीतरी,
कॉडच्या बारीक काट्याएवढं.
मी घरात एकटाच. तरी म्हणालो, “अरे!”

मग बरण्या चार झाल्या.

जानेवारीत कुणीतरी सोफा चढवताना
जिन्याची खिडकी उघडली ती उघडीच राहिली.
उणे अठ्ठावीस.
सकाळी वेल काचेसारखी, दुपारी शिजलेल्या पालकासारखी.
दाराच्या भिंगातून बघितलं,
रिम्मा कोट अंगावर टाकून उभी,
एकेक दांडा चिमटीत दाबून बघत होती,
कुठं टणक लागतो का.
कुठंच लागला नाही.

त्या रात्री सहा काड्या एकाच कुंडीत लावल्या
(एकटी काडी भिकारी दिसते)
आणि खिडकीत नेऊन ठेवल्या.
चिठ्ठी नाही. काय लिहिणार?
तुझीच आहे?

सकाळी तिची पावलं खिडकीशी थांबली.
बराच वेळ. मग खाली आली,
माझ्या दाराशी. मी दाराच्या अलीकडं, श्वास धरून.
भिंगात तिचं नाक मोठं, डोळे लांब.
तोंड उघडलं तिनं.
मिटलं.
नियम तिलाही माहीत आहे.
वर निघून गेली.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही
ते वेलीच्या भल्यासाठी.

काल बघितलं, तर एक फांदी कमी.
काप सरळ, पेराच्या बराच वर.
कुणी नवशिका. पाण्यात नुसता देठ घेऊन बसला असेल,
रोज बघत असेल.
दारोदार जाऊन सांगावं
तर त्याची चोरी उघडी पडणार, आणि माझी.
रिकाम्या जिन्यात उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो,
“पेराच्या खाली कापायचं, बाबा, खाली!”

कुठलंच दार उघडलं नाही.
फक्त वरून,
चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून,
अकरा वर्षांचा घसा खाकरून कुणीतरी म्हणालं,
“आणि तिरपं.”