पाण्याखालचं रान

मी मारलं नाही त्याला कधी.
हे आधी सांगून टाकते.
माझ्या पोरांच्या आधी नसेल,
पण त्यांच्या पाठोपाठ मक्याचा गोळा
त्याच्याच हातावर पडायचा.

एबो त्याचं नाव. मंगळवारचा जन्म.
दूर समुद्राकाठच्या गावाहून आणला अग्बेकोने,
आईच्या मुठीत चार नोटा कोंबून,
"शिकवू त्याला," म्हणून.
शिकवलं की.
पहाटेच्या काळोखात होडीतलं पाणी उपसायला,
जाळं ओढायला,
बुडी मारायला.

व्होल्टाचं हे तळं धरणाचं.
खाली अख्खं रान उभं आहे.
पानं केव्हाच कुजली, फांद्या राहिल्या,
आणि जाळं त्याच फांद्यांत अडकतं.
बाप्याचं अंग तिथे मावत नाही.
पोराचं मावतं.
शिवाय पोर वाटा मागत नाही.

मी काठावर मासे धुरावर वाळवते.
भट्टीपाशी डोळे कायम ओले,
त्यामुळे कुठल्या दिवशी रडले
ते नक्की सांगता यायचं नाही.

दोघं खाली गेले होते, एबो आणि आतो.
एबो वर आला.
अग्बेकोने पाण्याकडे पाहिलं,
मग जाळ्याकडे.
जाळं नवं होतं.
पुढचं मी सांगणार नाही.
त्या रात्री मी टोपल्या मोजल्या. सात.

नंतर एबोच्या कानातून पू यायला लागला.
मी कोमट पामतेल सोडायची.
"बरं वाटतंय का रे?" विचारलं
तर माझ्या ओठांकडे बघत राहायचा.

फियाग्बे मास्तर तीनदा आले.
पहिल्यांदा अग्बेकोने वल्हं उगारलं.
दुसऱ्यांदा मास्तरांनी मासे घेतले,
घासाघीस करत बसले दुपारभर,
नजर मात्र पोरांच्या पायांवरच्या जखमांवर.
तिसऱ्या खेपेला अग्बेको बाजाराला गेलेला.
मी म्हटलं,
"जाळ्यांच्या ढिगामागे झोपलाय."
त्याला धाडस म्हणू नका.
भट्टीत लाकूड सारता सारता म्हटलं,
मान वर न करता.

आता शाळेवरून जाते मासे विकायला.
खिडकीतून दिसतो.
पहिलीच्या चिमुरड्यांत हा ताडमाड,
गुडघे बाकाखाली जात नाहीत.
पाण्याखाली कुठेही मावायचा.
इथे मावत नाही.
डावा कान फळ्याकडे करून बसतो,
उजवा गेलाच.

परवा मास्तरांनी फळ्यावर झाड काढलं.
आमच्या बोलीत झाडाला 'आती' म्हणतात.
"आती!" सगळा वर्ग ओरडला.
एबो उठला, उशिरा,
जेवढं ऐकू आलं तेवढं धरून
मोठ्याने म्हणाला, "आतो."

पोरं खिदळली.
मास्तरही हसले थोडेसे. त्यांना काय माहीत!
माझ्या डोक्यावरची टोपली
एकाएकी भरलेली वाटली,
होती निम्मी.

मग त्याला पुढे बोलावलं.
खडू त्याने दोरासारखा धरला,
चिमटीत नाही, मुठीत.
खोड काढलं, फांद्या काढल्या,
इतक्या बारकाईने की
मास्तर गप्पच झाले.
मग म्हणाले, "पानं राहिली रे."
तो खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघू लागला.
माझ्याकडे नाही.
बराच वेळ बघितलं,
आणि एका फांदीला
एकच पान काढून बसला.

घरी आले
तर अग्बेको एका नव्या पोराचे दंड चाचपत होता.
सातेक वर्षांचा असेल.
त्याच्या मुठीत खाऊ होता, कुणीतरी वाटेत दिलेला,
अजून न खाल्लेला.
"पोहता येतं का?" अग्बेको विचारत होता.
मी विचारलं, "नाव काय तुझं?"
अग्बेकोने माझ्याकडे पाहिलं.

मास्तरांच्या घराची वाट
टेकाडाच्या उजवीकडून जाते.
टोपली मी अजून
डोक्यावरून उतरवलेली नव्हती.