कापसाचा बोळा

बाटली वाजते, हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.
डॉक्टर सांगतात, रोज एक, रात्री, न चुकता.
समुपदेशक बाई सांगतात ते सगळं छापील,
आणि खरंही.
पण तीस गोळ्या पिशवीत घालून तू
वाशीहून कोपरखैरण्याची बस धरलीस
की प्रत्येक गतिरोधकाला त्या बोलायला लागतात.
म्हणून हा कापूस घे. आत कोंब. घट्ट.

तो काही बोलला नाही. हणमंत, वय एकतीस,
मसाला मार्केटात मिरचीची पोती वाहतो.
नखांत लाल. डोळेही लाल, पण ते मिरचीने नव्हे.
बाकाच्या पार कडेला बसलेला,
मधे तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून.

मी चहा मागवला. एकच.
अर्धा प्यायले, कप त्याच्यापुढे धरला.
कपाकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"तुम्हाला काय, तुम्हाला तर आहेच."
आणि हसला, नाकातून, कसंतरी,
चहा त्याच्याच पँटवर.
अकरा वर्षांत माझ्या प्रात्यक्षिकाची
एवढी फजिती कुणी केली नव्हती.

मग एकेक विचारत गेला.
पोरीला खांद्यावर घेऊ का?
घे.
बायकोची तपासणी?
घेऊन ये तिला. मी असेन इथंच.
मुकादमाला कळलं तर?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
म्हटलं, माझ्या जावेनं माझं ताट वेगळं काढलं होतं,
कडेला खिळ्यानं फुली मारून.
मग?
मग काय, ती गेली पनवेलला राहायला.
ताट आहे अजून. त्यातच जेवते.
चांगलं जड आहे.

"तुमची बाटली वाजते का?"
पर्समधून काढून हलवली. आवाज नाही.
झाकण उघडलं तर बोळा, पिवळा पडलेला.
बाटली दर महिन्याला नवी,
बोळा मात्र जुन्यातून नव्यात, जुन्यातून नव्यात,
हात आपोआप करतो, मला पत्ता नाही.
तीन वर्षं माझ्या रक्तात विषाणू सापडत नाही,
रिपोर्टवर तसं लिहूनच येतं.
हा सापडला.

आतून पुकारा झाला, पस्तीस नंबर.
तो उठला. कपाच्या तळाशी उरलेला थंड घोट
उभ्यानंच पिऊन आत गेला.

त्याला दिलेला कापूस बाकावरच होता.
विसरला की ठेवला,
अजून विचारलेलं नाही.