पत्त्याचा रकाना

रात्री साडेअकराला, मंडईच्या मागे,
गयाबाई आणि शकीला सुतळी बांधतात
एकीच्या अंगठ्यापासून दुसरीच्या अंगठ्यापर्यंत.
एकीला कुणी ओढलं
तर दुसरीला जाग यावी म्हणून.

ही युक्ती त्यांचीच.
आमच्या प्रशिक्षणात नव्हती.

मी वही घेऊन फिरते, टॉर्च जमिनीकडे धरून.
तोंडावर उजेड मारायचा नाही,
हे पहिल्याच आठवड्यात इराप्पानं शिकवलं:
"तोंडावर उजेड म्हंजे पोलीस, नायतर पोरं."

पोरं म्हणजे गाडीवरून येणारी.
गेल्या गुरुवारी त्यांनी त्याच्या पांघरुणात
पेटता सुतळी बॉम्ब टाकला
आणि शूट केलं, हसण्याच्या आवाजासकट.
पोटरी भाजली.
ससूनच्या बाकावर तो एवढंच म्हणाला,
"कांबळं नवं होतं हो."

चौकीतले हवालदार वाईट नव्हते. चहा मागवला.
नाव झालं, वय अंदाजे झालं.
पत्ता?
नाही, मी म्हटलं.
पेन थांबलं. पंखा तेवढा चालू.
"मग समन्स कुठं धाडायचं, मॅडम?"

मी उठले नाही.
नेमकं काय काम करतेस, असं आत्या विचारते दर दिवाळीला,
तिला आता सांगता येईल:
खुर्चीवरून उठत नाही.

दीड वाजता त्यांनी लिहिलं, मी सांगितलं तसं:
बोहरी आळी, कुलपांच्या दुकानाची
तिसरी पायरी.
पायरी सकाळी नऊपर्यंतच त्याची असते,
हे मी सांगितलं नाही.

निवारा केंद्रात एक खाट रिकामी आहे.
इराप्पा नको म्हणतो. तिथं कुत्रं चालत नाही,
आणि त्या रात्री
धावून गेलं होतं ते कुत्रंच.
मी नव्हते. माझी वही नव्हती.
हे त्यानं बोलून दाखवलं नाही,
नुसती बिस्किटाची एक बाजू मोडून
त्याच्यापुढे टाकली.

अडीचला धनकवडीत घरी येते.
कडी लावते. लागली का, पुन्हा बघते.
पाय पांघरुणाबाहेर राहतात माझे हल्ली.
डोळा लागता लागता
अंगठ्याला हिसका बसतो.
उठून मोबाइल बघते.
कुणाचाच फोन नाही.
खाली रस्त्यावरून एक गाडी जाते,
तिघं बसलेली, हसत,
पेठेकडे.