यादीबाहेरचा शब्द

मुलाखतीत मॅडमनी विचारलं, मानसशास्त्रच का?
घरून पाठ करून आणलेलं उत्तर
मी दुसऱ्याच वाक्यात विसरले.
लांजेवार मॅडम हसल्या नाहीत. कपाटाची किल्ली पुढे केली,
"वरच्या कप्प्यात चार स्टॉपवॉच आहेत. तीन चालतात.
चौथं का ठेवलंय, ते विचारू नका."

अमरावती रोडवरच्या या इमारतीत
मी आता रिसर्च असिस्टंट आहे,
दिवाळीपर्यंत बिनपगारी.
आत्याला सांगितलं तर म्हणाली,
"म्हंजे पागलखान्यात लागली का वं?"
नाही आत्या, तो कोराडी रोडला.
"मंग तिथं कोन असते?"
असतात शहाणेच. सही करून आत येतात
आणि जाताना दारात थांबून विचारतात,
माझं बरोबर आलं ना?

पहिले आठ दिवस नुसतं पाहिलं.
तन्वीर कसा वाचतो, एकाच पट्टीत,
ना शाबासकी, ना धीर.
"छान" म्हणायचं नाही. "हं" सुद्धा नाही.
माझी मान आईवर गेलेली, आपोआप डोलते;
म्हणून त्यानं मला सात वेळा
तीच यादी भिंतीला वाचून दाखवायला लावली.
सेकंदाला एक शब्द, पंधरा शब्द.
चमचा. नदी. घंटा. शिडी.
भिंतीनं एकदाही चुकीचं उत्तर दिलं नाही.

कूलर बंद ठेवायचा असतो, हे कुणी आधी बोललं नव्हतं.
त्याच्या घरघरीनं आकडे बिघडतात.
त्रेचाळीस अंशांत दार लावून
दोन माणसं समोरासमोर, मध्ये एक तक्ता.
तक्त्यात घामासाठी रकाना नाही.

माझा पहिला माणूस: डोमाजी निनावे,
वय एकाहत्तर, राहणार तांडापेठ.
नाव तक्त्यावर लिहायचं नसतं,
इथं सगळेच निनावे.
क्रमांक सदतीस.

यादी वाचली. मग वीस मिनिटं वेगळी कामं,
घनाकृती काढा, शंभरातून सात वजा करा.
मग, "आता मघाचे शब्द सांगा."
चमचा, म्हणाले. शिडी. नदी.
थांबले.
उजवा हात टेबलावरून डावीकडे गेला
आणि झटक्यात परत आला,
पुन्हा गेला, पुन्हा आला.
"धोटा."

यादीत धोटा नव्हता.
मी मान आवरली.
"होता ना," ते माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले,
"तुमीच तं म्हटला."
नियमावली, पान नऊ: यादीबाहेरचा शब्द आल्यास
वेगळा नोंदवावा, गुणांत धरू नये,
सहभागी व्यक्तीस कळू देऊ नये.
मी वेगळा नोंदवला.
धोटा. माझ्या बारीक अक्षरात, समासात.

जाण्यायेण्याचे शंभर रुपये घेऊन ते उठले,
खिडकीशी गेले, पडद्याचं टोक
अंगठा आणि बोटामध्ये चोळलं.
"पॉवरलूम," म्हणाले.
आमच्या खोलीची तपासणी झाली.
तिला वेळ लागला नाही, संमतीपत्रही नाही.

दारात थांबून विचारलंच त्यांनी.
त्यावरही वाक्य ठरलेलं आहे:
तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभार.

तन्वीरनं तक्ता पाहिला. "बरोबर सहा, बाहेरचा एकच?
चांगला गेला की."
मी कूलर लावला. खसाचा ओला वास
खोलीत भरायला बराच वेळ लागला.

रात्री वाडीच्या बसमध्ये, उभ्यानं,
मी स्वतःची परीक्षा घेतली.
पंधराच्या पंधरा आले.
मोजले तर सोळा भरले.

सकाळी क्रमांक अडतीस, रेल्वेतून निवृत्त बाई,
पदर सावरून, परीक्षेला बसावं तशी बसलेली.
चमचा, मी वाचलं. नदी.
आणि पुढचा सेकंद
इतका लांबला
की तन्वीरनं स्टॉपवॉचवरून नजर उचलली.