अकरा ओळी वर

दिवाडीत रात्री साडेअकराला वीज जाते,
परत येते, आणि बॅटरीवर तगलेला माझा पडदा
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालतो.
त्यावर एक प्रोसेसर जन्माला यायचा आहे.
खरा नव्हे. सिलिकॉनचा कणही त्याच्या वाट्याला नाही.
दुसऱ्याच्या अंगणात मांडलेली भातुकली म्हणा,
पण जो पाहुणा राहायला येईल
त्याला हे घर खरंच वाटायला हवं.

आल्या आल्या तो विचारतो:
मला काय काय येतं?
त्यासाठी एक तक्ता आहे.
यजमान यंत्राला जे येतं, मालकाने जे देऊ केलं,
दोन्हीकडे सापडेल तेवढंच त्यात भरायचं.
एकेक बिट. आहे. नाही. आहे. आहे.

तीन आठवडे शोधत होते ते एवढंच निघालं:
तक्ता भरायच्या आधीच कुणीतरी तो वाचत होतं.
वाचणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, भरणाऱ्याचंही नाही.
रिकाम्या तक्त्यात शून्यं असतात
आणि शून्याचा अर्थ 'नाही'.
'अजून नाही' लिहायला त्याच्यापाशी जागा नसते.

काही कोसळलं नाही, तिथेच घात झाला.
पाहुणा आपला निमूट,
येतं तेही येत नाही असं धरून
लांबच्या वाटेने हिशेब करत राहिला.
ग्राहक म्हणाला, जरा हळू वाटतंय.
जरा.

संध्याकाळी बांधावर पास्कोल दिसला होता,
गुडघाभर चिखलात, मानशीच्या दाराला नवी फळी ठोकताना.
ओहोटीला खाजनातलं पाणी ते दार ढकलून नदीत जातं,
भरती आली की नदीच ते लावून घेते.
एवढी घाई कसली, मी विचारलं.
त्याने मांडवीच्या दिशेने हनुवटी केली.
"पयलीं दार, मागीर उदक.
उरफाटें जालें जाल्यार तीन वर्सां भात ना."
मी त्याला माझं काही सांगितलं नाही.
त्याच्या भरतीची वेळ कॅलेंडरवर छापून येते.

ओळ आधी थेट माथ्यावर नेली. फसलं.
ज्या यादीवरून तक्ता भरायचा
ती यादीच तिथवर पोचलेली नसते.
मग उतरत उतरत, एकेका ओळीला विचारत
तू कुणाचं वाचतेस, तू कुणासाठी लिहितेस,
मूळ जागेपासून अकरा ओळी वर ती टेकली.

मडगावहून लुर्दीनने तपासून विचारलं: इथेच का?
मी वर टिप्पणी लिहिली, 'ही ओळ हलवू नये.'
खोडली. हे तर देवळाच्या पाटीसारखं झालं.
पुन्हा लिहिली:
'हलवण्याआधी खाली कोण वाचतंय ते पाहा.'

नववीत शिबिराच्या फॉर्मवर रकाना होता, पोहता येतं का.
चहूकडे पाणी असलेल्या बेटावर चौदा वर्षं काढलेली मी,
आईने घोट्यापलीकडे कधी उतरू दिलं नव्हतं.
'नाही' लिहिलं.
पुढच्या फॉर्मवर मागच्या फॉर्मवरून उतरवलं,
त्याच्या पुढच्यावर त्यावरून.
एक्केचाळीस पूर्ण झाली.
कुणी खोटं लिहिलं होतं असं नाही.

पहाटे चारला बत्तीस प्रोसेसर एकामागून एक उठले.
तो बिट आता एक आहे. हिशेब जवळच्या वाटेने गेला.
लुर्दीनने नुसता अंगठा पाठवला, ती जागीच होती तर.
धक्क्यावर पहिल्या फेरीची फळी सिमेंटवर घासत उतरते,
ती टेकेपर्यंत स्कूटरवाले एक पाय जमिनीवर ठेवून
गुरगुरत उभे असणार.

मी तक्ता पुन्हा छापून घेते, वरून खाली.
आहे. आहे. नाही. आहे.
त्या एका 'नाही'वर बोट ठेवून थांबते.
हे भरलेलं आहे,
की नुसतंच रिकामं?